फाल्गुनरावांचा मूळ पुरुष

आपल्याकडे वंशावळ जपण्याची हौस मोठी. उज्जैनच्या जुन्या मराठी घरात पाहुणा बसला की चहा येण्याच्या आधी मूळ गाव येते, मग राणोजी शिंदे येतात, मग कोणत्या पिढीत कोण फौजेबरोबर आले आणि कोण फडावर लिहायला आले ते येते. आमचे घर सांगलीकडच्या जैनांचे. आजोबा व्यापाराच्या निमित्ताने माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे वंशावळीच्या गप्पांत मीही मागे नसतो. आज मात्र मी माझ्या घराची सोडून एका अशा गृहस्थाची वंशावळ सांगणार आहे, जो आपल्या सर्वांच्या घरी येऊन गेलेला आहे. त्याचे नाव फाल्गुनराव.

निमित्त असे झाले. आपल्याकडच्या काही हौशी मंडळींनी यंदा गणेशोत्सवात ‘संगीत संशयकल्लोळ’ करायचे ठरवले. पूर्ण नाटक कोण बसून पाहणार? मुलांना मराठी समजते, पण जुने मराठी समजत नाही. वडीलधाऱ्यांना समजते, पण त्यांना तीन तास बसवत नाही. तेव्हा नाटक एका तासाचे करावे, आणि ते काम डॉक्टरांना द्यावे, असे ठरले. माझा दवाखाना टावर चौकात. संध्याकाळी चौकात खाणाऱ्यांची गर्दी वाढते तशी माझ्याकडची कमी होते, हे सर्वांना ठाऊक असल्याने मला वेळ आहे असा समज पसरलेला आहे. मी संहिता घेतली, लाल पेन्सिल घेतली आणि बसलो.

चार दिवसांनी निरोप आला की रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे, ते तेवढे बदला. सहकुटुंब कार्यक्रम आहे. तिला चांगल्या घरची मुलगी करून टाका, कथानकाला काही फरक पडत नाही.

फरक पडतो की नाही, हे पाहण्यासाठी मी या नाटकाचे मूळ शोधत मागे गेलो.

तर मूळ पुरुष राहतो पॅरिसला. नाव स्गानारेल, जन्मतारीख २८ मे १६६०. त्या दिवशी पॅरिसच्या पेती-बूर्बाँ नाट्यगृहात मोलिएरच्या मंडळीने एक नवा खेळ लावला. एकच अंक, त्यात चोवीस छोटे प्रवेश, सगळे मिळून साडेसहाशेच्या आसपास पद्यबद्ध ओळी. म्हणजे तासाभराचाही नव्हे. नावाचा अर्थ असा की ‘स्गानारेल, अर्थात बायकोने फसवले असे उगाच वाटून घेणारा नवरा’. फसवल्या गेलेल्या नवऱ्याला फ्रेंचमध्ये एक स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तसा नाही, याचे श्रेय आपल्या सभ्यतेला द्यावे की संकोचाला, हे आपण ठरवा.

त्या काळी तिथे रीत अशी होती की आधी एखादे गंभीर, मोठे नाटक व्हायचे आणि शेवटी लोकांना हसत घरी पाठवण्यासाठी एक अंकाचा फार्स व्हायचा. आपल्याकडे काय वेगळे होते? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून आख्यानांवरची नाटके सुरू झाली, आणि १८५६ च्या सुमारास अमरचंदवाडीकर मंडळींनी पौराणिक नाटकाच्या जोडीला फार्स करून दाखवला. मग ती पद्धतच पडली. देवदानवांची युद्धे झाली, राक्षसांची आरडाओरड संपली, की शेवटी फार्स. शब्दही आपण इंग्रजीतला जसाच्या तसा घेतला. दोन खंडांत, दोनशे वर्षांच्या अंतराने, प्रेक्षकाची गरज एकच निघाली. पोटभर जेवणानंतर पानसुपारी लागतेच.

आता कथा ऐका. ऐकताना आपले ‘संशयकल्लोळ’ मनात ठेवा.

सेली नावाच्या मुलीचे लेली नावाच्या तरुणावर प्रेम आहे. बापाला दुसरा, पैसेवाला जावई हवा आहे. दुःखाने तिला भररस्त्यात भोवळ येते आणि तिच्या हातातली लेलीची छोटी तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल मदतीला धावतो, तिला सावरतो. त्याची बायको खिडकीतून हे पाहते आणि समजायचे ते समजते. ती खाली येईपर्यंत रस्ता रिकामा झालेला असतो. उरलेली असते ती तसबीर. ती ती उचलून कौतुकाने न्याहाळते. मागून नवरा येतो, बायकोच्या हातात देखण्या परपुरुषाची तसबीर पाहतो आणि समजायचे ते समजतो. तो ती हिसकावून घेतो. एवढ्यात प्रवासातून लेली परततो, आपलीच तसबीर या माणसाच्या हातात पाहतो. विचारतो, कुठून मिळाली? उत्तर येते, माझ्या बायकोच्या हातून. लेलीला वाटते, सेलीने याच्याशी लग्न लावले! आता भोवळ येण्याची पाळी त्याची. स्गानारेलची बायको दया येऊन त्याला घरात बसवते, आणि तो बाहेर पडताना नवरा पाहतो.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. इथे खोटे कोणी बोलत नाही. चारही माणसे आपापल्या डोळ्यांनी जे पाहतात तेच सांगतात, आणि जे पाहिले ते खरेच घडलेले असते. फक्त प्रत्येकाने एकेक तुकडा पाहिला आहे आणि तोच पूर्ण धरला आहे. आम्हा जैनांना लहानपणापासून हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकवतात, आणि प्रत्येक विधानाच्या आधी ‘स्यात्’, म्हणजे ‘एका दृष्टीने’, असे मनात म्हणायला शिकवतात. स्गानारेलला हा एक शब्द कोणी शिकवला असता तर खेळ दहा मिनिटांत संपला असता.

तो संपवते कोण? सेलीची दासी. शेवटी चौघे एकमेकांवर ओरडत असताना ती पुढे होते आणि एकेकाला वेगळे प्रश्न विचारते. तुम्ही काय पाहिले? तसबीर तुमच्याकडे कशी आली? तिच्याकडे कशी आली? पाच-सात प्रश्नांत गुंता सुटतो. वाचकहो, आम्हा होमिओपॅथांना शिकवतात ते हेच. रोग्याला बोलू द्या, मग नातेवाइकाला वेगळे विचारा, आणि दोघांचे आधी लिहून घ्या, निष्कर्ष मागून. ही दासी साडेतीनशे वर्षांपूर्वी उत्तम केस घेऊन गेली. तिला मोलिएरने धड नावही दिलेले नाही.

स्गानारेलचे काम स्वतः मोलिएर करी. तांबड्या लाल साटिनचा पूर्ण पोशाख होता, तो त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत नोंदला गेला. अभिनय कसा होता, ते आपल्याला कळते एका चोरामुळे. सिअर द न्यूफव्हिलनेन असे नाव लावणाऱ्या एका गृहस्थाने हा खेळ पाच-सहा वेळा पाहिला, पाठ केला आणि मोलिएरला न विचारता त्याच वर्षी छापून टाकला. वर प्रत्येक प्रवेशाच्या आधी रंगमंचावर काय घडते त्याचे वर्णनही दिले. मोलिएर संतापला, प्रकरण कज्ज्यापर्यंत गेले. पण त्या चोरट्या वर्णनांतूनच समजते की बायको तसबीर पाहत असताना तिच्यामागे उभा असलेला मोलिएर एक शब्द न बोलता केवळ चेहऱ्याने आणि अंगविक्षेपाने संशय असा दाखवी की बोलण्याची गरजच उरत नसे. ज्यांनी चांगला फाल्गुनराव पाहिला आहे त्यांना हा प्रवेश सांगायला नको.

त्याच वर्षी शरद ऋतूत पेती-बूर्बाँ नाट्यगृह पाडायला घेतले, कारण राजाला लूव्हर राजवाडा वाढवायचा होता. मंडळी उघड्यावर आली. तेरा वर्षे गावोगाव गाड्या हाकत खेळ केलेल्या या मंडळीला बिऱ्हाड मोडण्याची सवय होती. पुढे १६६१ च्या जानेवारीत पॅले-रोयाल नाट्यगृहात त्यांची सोय लागली. अशा फिरत्या दिवसांत कमी माणसे, कमी सामान आणि एक तसबीर एवढ्यावर उभा राहणारा खेळ किती उपयोगी पडत असेल! मोलिएरच्या हयातीत हा फार्स शंभराहून अधिक वेळा झाला. त्याच्या दुसऱ्या कोणत्याही नाटकाला तेवढे प्रयोग त्या काळात लाभले नाहीत. आज पंडित मंडळी त्याच्या गंभीर सुखांतिकांवर ग्रंथ लिहितात. तेव्हाचे लोक मात्र पुन्हापुन्हा तिकीट काढत होते ते या छोट्या खेळाला.

इंग्लंडमध्ये तो लवकर पोचला. १६६३ मध्ये विल्यम डॅव्हेनंटने आपल्या एका नाटकाचा दुसरा अंक म्हणून तो घातला, तोही फ्रेंच माणसाच्या मोडक्या इंग्रजीत, म्हणजे कथेला हसा आणि उच्चारांनाही हसा. १७४५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स मिलरचा पुन्हा एक अंकाचाच खेळ झाला आणि त्याने नावात ‘तसबीर’ हा शब्द आणला. तोवर हा जोडखेळच होता, मोठ्या नाटकाच्या शेपटाला बांधलेला.

त्याला मोठे केले आर्थर मर्फीने. हा आयर्लंडचा. आधी पेढीवर कारकून, मग पत्रकार, मग नट, मग वकील, आणि मधूनमधून नाटककार. १७६१ च्या उन्हाळ्यात मर्फी आणि सॅम्युअल फूट या दोघांनी ड्रुरी लेन नाट्यगृह भाड्याने घेतले, आणि १५ जूनला मर्फीचे पाच अंकी ‘ऑल इन द राँग’, म्हणजे सगळेच चुकलेले, रंगभूमीवर आले. एका अंकाचे पाच केले तर पाणी घालावे लागते. मर्फीने पाणी घातले, पण एक शहाणपणाची गोष्टही केली. मोलिएरकडे संशयाचा मुख्य रोगी नवरा. बायकोचा संशय आहे, पण तो जोडीला. मर्फीने नवरा-बायको दोघांना सारखेच रोगी केले आणि प्रेमिकांनाही तीच लागण दिली. चार रोगी, एक तसबीर. आपल्या कृत्तिकाबाई त्यामुळे जन्माला आल्या. सर जॉनच्या पत्नीने मर्फीच्या नाटकात जेवढा धुमाकूळ घातला नसता तर कृत्तिकेला बोलायला एवढी जागा मिळाली नसती.

यानंतर सव्वाशे वर्षांनी तसबीर आपल्या हाती आली.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव आमच्या मूळ गावापासून फार लांब नाही, म्हणून माझा थोडा पक्षपात आहे, तो सांभाळून घ्यावा. अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे गुरू. देवल स्वतः नट, आणि त्याहून मोठे तालीममास्तर. त्यांच्या सात नाटकांपैकी पूर्ण स्वतंत्र एकच, ‘शारदा’. बाकीची संस्कृतातून किंवा इंग्रजीतून आलेली. पण ‘आलेली’ म्हणताना जपून म्हणावे. देवलांनी परक्या नाटकाला नुसते धोतर नेसवले नाही. घरात घेतले, पंगतीला बसवले, आणि कोण कुठे बसणार हेही नव्याने ठरवले.

१८९० मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केले. तिथे एक रुमाल पडतो, तो नको त्याच्या हाती जातो, आणि नवरा निर्दोष बायकोचा जीव घेतो. १८९३ मध्ये मर्फीवरून त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. तिथे एक तसबीर पडते, नको त्याच्या हाती जाते, आणि आपण हसून हसून बेजार होतो. तीन वर्षांच्या आत एकाच लेखकाने एकाच रोगाच्या दोन अवस्था मांडल्या. मी चाळीसएक वर्षे दवाखाना चालवतो आहे. रुमालाची केस आणि तसबिरीची केस सुरुवातीला अगदी सारखीच दिसते, हे मी सांगू शकतो. माझ्यासमोर नवरा-बायको बसलेले असतात, दोघांचीही तक्रार झोप न येण्याची असते, आणि दोघेही आपापल्या वेळी दुसऱ्याला बाहेर बसवायला सांगतात. आजकाल तसबिरीच्या जागी मोबाईल असतो. अशी एक केस फार्सच्या बाजूने न जाता दुसऱ्या बाजूने गेलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतर बराच काळ मला हे नाटक पाहून हसू येत नव्हते.

आमच्या पाठ्यग्रंथात, केंटच्या रेपर्टरीत, पहिले प्रकरण मनाचे. त्यात मत्सर वेगळा आणि संशयी स्वभाव वेगळा. दोन्हींत लॅकेसिस आहे, सापाच्या विषापासून केलेले औषध. आमचे एक डॉक्टर मित्र फाल्गुनरावांना लॅकेसिस देतात आणि अश्विनशेठला हायोसायमस. मी म्हणतो, आधी त्या दासीसारखी केस तर घ्या.

देवलांनी माणसांना दिलेली नावे पाहा. पुरुष सगळे महिने: फाल्गुन, आश्विन, वैशाख, भाद्रपदाचा भादव्या. स्त्रिया नक्षत्रे: कृत्तिका, रेवती, मघा. ज्या गावात सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे आणि जिथून आपले जुने ज्योतिषी रेखांश मोजत, त्या गावात तरी हा विनोद वाया जाऊ नये. रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र, अश्विनी पहिले. चक्रात ती दोघे शेजारी, म्हणजे जोडी जमलेली. कृत्तिका मात्र कार्तिकाची. ती फाल्गुनाच्या गळ्यात बांधली, तेव्हा घोटाळा पंचांगातच झाला. हा माझा आपला खेळ, पण तालमीत मुलांना नावे पाठ करून द्यायला फार उपयोगी पडतो.

तसबिरीचेही तसेच. पॅरिसमध्ये ती हाताने रंगवलेली, चिमुकली, डबीत ठेवायची वस्तू. देवलांच्या काळी फोटो काढण्याची सोय शहरोशहरी होऊ लागली होती. आपल्या इंदूरलाच लाला दीनदयाळांनी १८७० च्या दशकात छायाचित्रणाला सुरुवात केली. एरवी राजेमहाराजांची चित्रे व्हायची. आता शेठजीही आपली तसबीर काढून प्रिय व्यक्तीला देऊ शकत होते. परपुरुषाचा चेहरा घरातल्या स्त्रीच्या हातात असू शकतो, ही शक्यताच त्या पिढीला नवी होती. जुन्या फार्समधली जुनी वस्तू मराठीत येताना उलट ताजी झाली.

आता येतो त्या निरोपापाशी. मोलिएरची सेली गृहस्थाची मुलगी, मर्फीची बेलिंडाही तशीच. देवलांनी त्या जागी रेवती आणली, नायकिणीची मुलगी. बाकी घोटाळा जवळपास तोच: तीच रस्त्यातली भोवळ, सावरणारा तोच शेजारी, तीच तसबीर. हा एक बदल त्यांनी का केला असेल?

माझे उत्तर उज्जैनमध्ये सापडते. ‘फाल्गुनराव’ लिहिण्याच्या काही वर्षे आधी देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. नाटक घडते ते या आपल्या उज्जयिनीत. चारुदत्त आणि गणिका वसंतसेना. तिथेही एक वस्तू पडते. न्यायसभेत झटापट होते आणि मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात, आणि निरपराध चारुदत्त सुळाच्या वाटेला लागतो. दागिने पाहिल्यावर न्यायाधीशांना पुढे विचारायचे राहतच नाही. आणि शेवटी त्याच गणिकेला नव्या राजाकडून ‘वधू’ हा मान मिळतो. दागिने, रुमाल, तसबीर. देवलांच्या हातून तीन पडलेल्या वस्तू गेल्या, आणि तिसरी उचलताना पहिलीची आठवण त्यांच्या हातात होती, असे मला वाटते. रेवती वसंतसेनेच्या घरातली आहे. पॅरिसहून निघालेली तसबीर पुण्याला पोचण्याआधी क्षिप्रेच्या काठाने गेली.

याने संशयाचे वजन बदलते. सेलीवर लेली संशय घेतो तेव्हा ती एका तरुणाची चूक असते. रेवतीवर अश्विनशेठ संशय घेतो तेव्हा त्याच्यामागे सगळा गाव उभा असतो. नायकिणीच्या मुलीने दुसऱ्याला तसबीर दिली, यात कोणाला आश्चर्य? फाल्गुनरावाला आपल्या संशयासाठी पुरावे गोळा करावे लागतात, म्हणून तो हास्यास्पद. रेवतीच्या बाबतीत पुरावा लोकांच्या मनात आधीच तयार असतो. म्हणून ती रागावते तेव्हा प्रेक्षागृहातले हसू क्षणभर थांबते. ज्यांनी चांगला प्रयोग पाहिला आहे त्यांना तो क्षण आठवेल. शेवटी निर्दोष ठरते ती रेवती, आणि शरमिंदे होतात ते आपल्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ. १८९३ च्या प्रेक्षकाला हे हसत हसत गिळायला लावणे सोपे नव्हते.

पुढचा इतिहास आपल्याला बराच माहीत आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यासाठी देवलांनी आपल्या जुन्या गद्य नाटकात पदे घातली, आणि नाव ठेवले ‘संशयकल्लोळ’. नावांचा हा प्रवासही बघण्यासारखा आहे. पॅरिसमध्ये नाव नवऱ्याच्या फजितीचे होते, लंडनमध्ये सगळ्यांच्या चुकीचे, मग तसबिरीचे, आणि अखेरीस मनाच्या त्या अवस्थेचेच. पण प्रयोग पाहायला देवल राहिले नाहीत. १४ जून १९१६ रोजी ते गेले, आणि नाटक रंगभूमीवर आले त्याच वर्षी ऑक्टोबरात, पुण्याला. ज्या तालीममास्तराने आयुष्यभर इतरांच्या भूमिका बसवल्या, त्याला आपल्या सर्वांत लाडक्या नाटकाचा पडदा वर गेलेला दिसला नाही.

बोडसांनी फाल्गुनराव केला आणि बालगंधर्वांनी रेवती. बोडसांची ख्याती अशी की पुढे ‘एकच प्याला’तला सुधाकर ज्यांनी रडवणारा केला, त्यांनीच हा हसवणारा केला. आणि बालगंधर्वांचे नेसणे, त्यांचे दागिने, अंबाड्यातली फुले यांची नक्कल घरंदाज बायका कशी करीत, ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. म्हणजे बघा, मघा नायकिणीच्या लेकीला ओसरीवर बसू दिले नसते त्या घरांनी तिचे नेसणे मात्र माजघरापर्यंत नेले. त्यानंतर शंभर वर्षांत हे नाटक संगीत मंडळ्यांनी केले, हौशी संघांनी केले, गोव्याच्या देवळांपुढे झाले, आणि अलीकडे प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांचा अश्विनशेठ पाहायला नवी पिढीही आली. मोलिएरचा मूळ फार्स फ्रान्समध्ये अजून होतो, पण एकूण त्याची ही मराठी पणती जास्त धडधाकट निघाली, असे मला म्हणावेसे वाटते. पक्षपात आहे हे मी आधीच कबूल केले आहे.

हे सगळे मी त्या मंडळींना सांगितले, इतके सविस्तर नव्हे. म्हटले, एका तासाचे करायला माझी हरकत नाही. मूळ खेळ तेवढाही नव्हता. पदे कमी करा, वैशाखशेठची लांब भाषणे काढा, भादव्याची एखादी धावपळ गाळा. पण रेवतीला चांगल्या घरची केलेत तर तुम्ही देवल गाळून मागे मर्फीवर जाल, आणि मर्फीच करायचा तर इंग्रजीत करा, मुलांना ते जास्त समजेल. एका काकूंनी विचारले, “डॉक्टर, पण ‘चांगल्या घरची’ म्हणजे काय, हेच नाटक विचारतंय ना?” त्यांनी माझे अर्धे भाषण वाचवले.

रेवतीचे काम करणारी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. तिने तालमीत विचारले, “काका, नायकीण म्हणजे काय?” तिची आई चपापली. मी सांगितले तसे सांगितले: जिच्याकडे गाणे ऐकायला सगळे जात आणि जिच्या घरी लग्न लावायला कोणी जात नसे, अशी बाई. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ती अश्विनशेठवर एवढी का चिडते ते आत्ता कळलं. मी आतापर्यंत नुसती रुसत होते.” दुसऱ्या दिवसापासून तो प्रवेश वेगळा दिसू लागला.

मघेचे प्रवेश ठेवले आहेत. प्रयोग एक तास दहा मिनिटांचा होतो. वरची दहा मिनिटे चहाच्या वेळेतून घेतली आहेत, तेव्हा चहा आधी पिऊन यावे.